विश्लेषण : औषधी पिकांना उन्हापासून तारणाऱ्या संजीवकांचा डार्विनशी काय संबंध?

अश्वगंधा, इसबगोल, मेंथा यांसारख्या औषधी पिकांना वाढत्या तापमानाचा फटका बसू नये, यासाठी वनस्पती संप्रेरकांच्या (शेतकऱ्यांच्या भाषेत संजीवकांच्या) फवारणीवर जगभर संशोधन सुरू आहे. या संशोधनाचा एक धागा थेट चार्ल्स डार्विनच्या घरापर्यंत जातो. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनने म्हातारपणी, मुलाला हाताशी धरून, गवताच्या कोंबांवर केलेले प्रयोग तेव्हा काहींनी हौशी माणसाचा खेळ ठरवले होते.

डॉक्टरकी सोडलेला मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरीचा. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, एडिनबराला वैद्यकशास्त्र शिकायला पाठवले. तिथे दोन गोष्टी त्याच्या पचनी पडल्या नाहीत. एक म्हणजे शस्त्रक्रिया. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहताना तो मध्येच उठून बाहेर पडला आणि पुन्हा त्या दालनात गेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे औषधी द्रव्यांचा तास. कडाक्याच्या थंडीत सकाळी आठला भरणारी ती व्याख्याने त्याला इतकी कंटाळवाणी वाटली, की त्यांची आठवण म्हातारपणीही गेली नाही. दोन वर्षांत त्याने एडिनबरा सोडले.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावरचा प्रवास, १८३९ मध्ये एमा वेजवूडशी लग्न, १८४२ पासून लंडनजवळच्या डाउन गावातील घर आणि १८५९ मध्ये जगभर खळबळ माजवणारा उत्क्रांतीवरचा ग्रंथ. त्या ग्रंथानंतरचा डार्विन मात्र लोकांना फारसा ठाऊक नसतो. उलट्या, थकवा, धडधड यांनी तो वर्षानुवर्षे बेजार होता. पाण्याचे उपचार झाले, नाना औषधे झाली, पण नेमका आजार काय ते कोणत्याच डॉक्टरला सांगता आले नाही. दूरचा प्रवास जमत नसे. घर, बाग, फिरायची पायवाट आणि १८६३ मध्ये बांधून घेतलेले काचघर, एवढेच त्याचे जग उरले. क्यू येथील वनस्पती उद्यानातून मित्र जोसेफ हूकर या काचघरासाठी रोपे पाठवत असे.

पानांना क्विनाइन, मॉर्फिन आणि नागाचे विष कशासाठी?

१८६० च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या माळरानावर डार्विनला ड्रोसेरा दिसली. पानांवरच्या चिकट केसांनी कीटक पकडणारी ही चिमुकली वनस्पती. मराठीत तिला दवबिंदू म्हणतात आणि तिचे भाऊबंद कासच्या पठारावरही सापडतात. युरोपात खोकल्यावरचे घरगुती औषध म्हणूनही ती वापरली जाई. डार्विन तिच्या मागे लागला तो पुढची पंधरा वर्षे.

औषधी द्रव्यांच्या तासाला कंटाळलेल्या या माणसाने आता औषधांची जणू पेटीच उघडली. क्विनाइन, स्ट्रिकनिन, डिजिटॅलिन, निकोटिन, ॲट्रोपिन, मॉर्फिन, कापूर, क्लोरोफॉर्म... एकेका द्रव्याचा थेंब पानावर टाकायचा किंवा पान त्यात बुडवायचे आणि केस वळतात की नाही, हे घड्याळ लावून पाहायचे. भारतात सर्पविषावर काम केलेल्या जोसेफ फेअरर या डॉक्टरांकडून त्याने नागाचे विषही मिळवले. निकाल अनपेक्षित होते. क्विनाइन आणि स्ट्रिकनिन पानाला घातक ठरले. मॉर्फिनने काहीच बिघडले नाही. नागाच्या विषाने तर पानाचे केस मरण्याऐवजी वेगाने वळले. म्हणजे प्राण्याच्या शरीरात जे घडते ते वनस्पतीत तसेच घडेल, असे गृहीत धरता येत नाही.

त्याला सर्वात चक्रावून टाकले ते प्रमाणाने. अमोनियम फॉस्फेट हा क्षार एका ग्रेनच्या दोन कोटीव्या भागाहून कमी मिळाला तरी केस वळत होता. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. डार्विनचा स्वतःचाच यावर विश्वास बसेना, म्हणून त्याने प्रयोग पुन्हा पुन्हा केले. इतक्या नगण्य मात्रेने वनस्पतीत हालचाल होऊ शकते, ही कल्पना पुढे संप्रेरकांच्या बाबतीत फार मोलाची ठरणार होती.

याच काळात त्याने पानांना उष्णतेचीही परीक्षा द्यायला लावली. १८७५ मध्ये आलेल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात उष्णतेच्या परिणामांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पान गरम पाण्यात बुडवायचे, मग थंड पाण्यात ठेवायचे आणि वाट पाहायची. पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास केस झपाट्याने वळत. सुमारे ५४ अंशांना पान लुळे पडे, पण मेलेले नसे. थंड पाण्यात काही वेळ गेला की ते पुन्हा प्रतिसाद देऊ लागे. साठ अंशांच्या पलीकडे ग्रंथी चिनीमातीसारख्या पांढऱ्या पडत. थंडगार दलदलीत वाढणारी वनस्पती एवढी उष्णता काही क्षण का होईना सोसते, याचे त्याला नवल वाटले. उष्णतेचा ताण आणि उष्णतेने मरण यांत अंतर असते आणि त्या अंतरात वनस्पती सावरू शकते, हे त्याने टाचणाएवढ्या केसांवरून दाखवले. आजचे सगळे उष्णता-ताण संशोधन त्याच अंतरात चालते.

मुलगा घरी परतला, पण...

डार्विनचा मुलगा फ्रान्सिस वैद्यकशास्त्र शिकला होता, मात्र त्याने दवाखाना कधी थाटला नाही. १८७४ मध्ये त्याचे एमीशी लग्न झाले आणि तो वडिलांचा लेखनिक व मदतनीस म्हणून डाउन गावातच राहू लागला. सप्टेंबर १८७६ मध्ये बाळंतपणानंतर एमी गेली. फ्रान्सिस तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांच्या घरी परतला. डार्विन दाम्पत्याचा हा पहिला नातू. स्वतःची लाडकी लेक ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गमावलेल्या डार्विनला मुलाचे दुःख समजावून सांगावे लागले नाही. एमाने साठी उलटून गेल्यावर पुन्हा पाळणा हलवला आणि बापलेक कामात बुडाले.

त्यांचे काम म्हणजे वनस्पतींची हालचाल मोजणे. कोंबाला लाखेने काचेचा बारीक तंतू चिकटवायचा, समोर काच धरायची आणि तासातासाला ठिपके काढत जायचे. मग ते ठिपके जोडायचे. वाढणारे प्रत्येक टोक हवेत गिरक्या घेत असते, हे त्या रेषांतून दिसे. अधूनमधून वेडगळ प्रयोगही होत. बायोफायटम नावाचे, लाजाळूसारखी पाने मिटणारे एक रोप टेबलाच्या कंपनांना दाद देते असे दिसल्यावर डार्विनने फ्रान्सिसला त्याच्या शेजारी बसून बसून हे सुषिर वाद्य वाजवायला लावले. रोपाने दाद दिली नाही. (हेच बायोफायटम सह्याद्रीतही पावसाळ्यात उगवते आणि आयुर्वेदात वापरले जाते.)

गवताच्या टोकावर टोपी घातल्याने काय सिद्ध झाले?

पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यांना जे बी घालतात, ते कॅनरी गवत डार्विनने निवडले. ओटचे कोंबही घेतले. अंधारात उगवलेला असा कोवळा कोंब खिडकीशी ठेवला की काही तासांत उजेडाकडे वाकतो, हे माळ्यालाही ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता, की उजेड नेमका कुठे ‘कळतो’? वाकण तर टोकाच्या बऱ्याच खाली येते.

बापलेकांनी कोंबाच्या टोकावर कथलाच्या पत्र्याची इवलीशी टोपी चढवली. कोंब वाकला नाही. काळी रंगवलेली काचेची नळी घातली, तरी वाकला नाही. नळीच्या वजनामुळे तर तो सरळ राहत नसेल ना, अशी शंका येऊन न रंगवलेली पारदर्शक नळी घातली. कोंब वाकला. मग उलट करून पाहिले. टोक उघडे ठेवले आणि खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला. वाळूतला भाग पूर्ण अंधारात असूनही तिथे वाक आला. निष्कर्ष सरळ होता : उजेड टोकाला जाणवतो आणि तिथून काहीतरी खाली जाते, जे खालच्या भागाला वाकवते.

ते ‘काहीतरी’ काय, हे डार्विनला सांगता आले नाही. त्याने त्याला केवळ एक प्रभाव म्हटले. संप्रेरक हा शब्द तेव्हा नव्हताच. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा १९०५ मध्ये, तीही प्राण्यांसाठी, रूढ झाली. एका जागी तयार व्हावे, दुसऱ्या जागी जावे आणि तिथे अत्यल्प मात्रेत वाढ बदलावी, ही संप्रेरकाची आजची व्याख्या मात्र त्या कोंबात बसते. हे काम १८८० च्या नोव्हेंबरमध्ये वनस्पतींच्या हालचालींवरील ५९२ पानी ग्रंथात प्रसिद्ध झाले. सगळ्या हालचाली गिरक्यांतूनच उपजल्या, हा त्या ग्रंथाचा मुख्य दावा पुढे जशाच्या तसा टिकला नाही. टिकले ते कॅनरी गवत.

उष्णता आणि औषधी पिके यांत ते कुठे बसते?

टोकाकडून खाली जाणारे ते द्रव्य म्हणजे आज ज्याला ऑक्झिन म्हणतात ते. उष्णता वाढली की वनस्पतीत आधी हालचाल होते ती याच्याही पातळीवर. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाला २९ अंशांत वाढवले, तर त्याचे खोड लांब होते आणि त्यामागे ऑक्झिन असते, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. पाने जमिनीपासून उंच गेली की त्यांना थंडावा मिळतो. उलट काही भागांत उष्णतेने ऑक्झिन घटते आणि परागकण वांझ होतात. जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये बार्लीवर बाहेरून ऑक्झिन देऊन हे वांझपण टाळून दाखवले. ज्या पिकांचे बीच औषध आहे, उदाहरणार्थ इसबगोल, तिथे हा मुद्दा थेट उत्पन्नाचा ठरतो.

ऑक्झिननंतर जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल, ब्रासिनोस्टेरॉइड अशी संप्रेरकांची रांगच सापडली. १९७९ मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या २२७ किलो परागातून ब्रासिनोलाइड वेगळे केले, तेव्हा हाती आले फक्त ४ मिलिग्रॅम. विलो झाडाच्या सालीमुळे औषधशास्त्राला परिचित असलेले सॅलिसिलिक आम्ल वनस्पतीत स्वतःच ताण सोसण्याचा संदेश देते. मोहरीच्या रोपांवर त्याची सौम्य फवारणी केल्यास ती उष्णता अधिक सोसतात, असे १९९० च्या दशकात आढळले. उष्णतेत पेशींची आवरणे सैल होतात, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि घातक ऑक्सिजन रेणू साचतात. ही संप्रेरके त्या रेणूंना निष्प्रभ करणारी विकरे आधीच सज्ज ठेवायला मदत करतात. म्हणून फवारणी लाट येण्याआधी करावी लागते. होरपळलेल्या पिकावर ती फारशी कामाची नाही.

औषधी पिकात एक अडचण मात्र गहू-भाताहून वेगळी आहे. इथे ‘उत्पन्न’ दोन प्रकारचे असते. अश्वगंधाच्या मुळांचे वजन हे एक आणि त्या मुळातील विथॅनोलाइडचे प्रमाण हे दुसरे. औषधी गुणाची अनेक द्रव्ये वनस्पती स्वतःच्या बचावासाठी बनवते. थोडा ताण त्यांना वाढवतो, जास्त ताण पीकच बसवतो. जॅस्मोनेट हे संप्रेरक बचावाची द्रव्ये वाढवते, पण वाढीला लगाम घालते. कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल देणाऱ्या यू वृक्षाच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांना मिथाइल जॅस्मोनेट दिले, तर औषध कितीतरी जास्त मिळते, हे १९९६ मध्ये दिसले. शेतात मात्र वजन घटले आणि गुण वाढला, तर भाव वजनावर मिळणाऱ्या शेतकऱ्याचे काय, याचे उत्तर प्रयोगशाळा देत नाही. मेंथाचे तसे नाही. उत्तर प्रदेशात भर उन्हाळ्यात वाढणाऱ्या या पिकाचे तेलच विकले जाते, त्यामुळे तिथे दोन्ही हिशेब एकाच डब्यात पडतात.

मात्रेचा मुद्दा महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांना वेगळा सांगायला नको. ‘जीए’च्या म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवताना प्रमाण आणि दिवस चुकला तर काय होते, हे ते अनुभवाने जाणतात. कृत्रिम ऑक्झिनच असलेले ‘टू-फोर-डी’ जास्त मात्रेत रुंद पानांच्या तणाला मारते आणि अश्वगंधाही रुंद पानांचीच. ड्रोसेराच्या पानाशी डार्विन ज्या अपूर्णांकांत झुंजत होता, तेच अपूर्णांक आता फवारणी पंपात आले आहेत.

साक्स यांचा आक्षेप काय होता?

डार्विनच्या काळात वनस्पती शरीरक्रियाशास्त्राची पंढरी म्हणजे जर्मनीतील वुर्त्सबुर्ग आणि तिथले सर्वेसर्वा युलियस साक्स. फ्रान्सिस १८७८ आणि १८७९ मध्ये तिथे शिकायलाही गेला होता. तिथली अचूक यंत्रे पाहून तो भारावला. डाउनच्या घरात यंत्रे होती ती गावच्या सुताराने किंवा स्वतःच जुळवलेली.

ग्रंथ आला आणि साक्स बिथरले. मुळाचे टोक कापले की मूळ जमिनीकडे वळणे सोडते, म्हणून गुरुत्व टोकालाच जाणवते, असे डार्विनचे म्हणणे होते. ग्रंथाच्या शेवटी त्याने मुळाच्या टोकाची तुलना खालच्या प्राण्याच्या मेंदूशीही करून टाकली. ही तुलना जरा जास्तच होती, हे मान्य करावे लागेल. साक्स यांच्या सहाय्यकाने प्रयोग पुन्हा केले, निकाल वेगळे आले. गावातल्या घरात बसून अननुभवी माणसाने केलेले हे अडाणी प्रयोग आहेत, अशा आशयाची टीका साक्स यांनी केली आणि फ्रान्सिसशीही संबंध तोडले. व्हिएन्नाच्या युलियस वीजनर यांनी तर १८८१ मध्ये डार्विनच्या खंडनासाठी अख्खे पुस्तक लिहिले. त्यांची भाषा मात्र सभ्य होती आणि डार्विनने ते पुस्तक मनापासून वाचले.

यातला विरोधाभास असा, की वनस्पतीतील विशिष्ट द्रव्ये वाहत जाऊन कुठे मूळ फुटावे, कुठे फूल यावे हे ठरवतात, अशी कल्पना त्याच सुमारास साक्स स्वतः मांडत होते. एकाकडे द्रव्याची कल्पना होती, दुसऱ्याकडे प्रयोग होता. दोघांनी ते जोडले नाही.

डार्विनने वाद वाढवला नाही. वय सत्तरीपार, छातीत कळा येऊ लागलेल्या. तरीही मुळांवर आणि पानांतील हरितद्रव्यावर अमोनियम कार्बोनेटचा काय परिणाम होतो, याचे त्याचे दोन निबंध मार्च १८८२ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरी त्याचे निधन झाले. गावातल्या चर्चच्या आवारात दफन व्हावे असे त्याच्या घरच्यांच्या मनात होते. त्याऐवजी २६ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत, न्यूटनच्या समाधीजवळ, त्याला जागा मिळाली.

मग खरे-खोटे कधी ठरले?

जवळजवळ तीस वर्षे काही झाले नाही. १९१० नंतर डेन्मार्कच्या पेटर बॉयसन-येन्सन यांनी कोंबाचे टोक कापून मधे जिलेटिनचा तुकडा ठेवला. प्रभाव त्यातून पार झाला. अभ्रकाचा तुकडा ठेवल्यावर अडला. हंगेरीच्या आर्पाड पाल यांनी कापलेले टोक एका बाजूला सरकवून बसवले, तर कोंब अंधारातही वाकला. म्हणजे हा संदेश उजेडाचा नव्हता, रसायनाचा होता.

शेवटचा दुवा नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या तरुण फ्रिट्स वेंटने जोडला, तोही आपल्या वडिलांच्याच प्रयोगशाळेत. दिवसा सक्तीची लष्करी सेवा आणि रात्री ओटचे कोंब, असा त्याचा दिनक्रम होता. कापलेली टोके त्याने अगारच्या तुकड्यावर काही वेळ ठेवली, मग टोके फेकून दिली आणि तो नुसता तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला बसवला. कोंब वाकला. पुढे १९३४ मध्ये मानवी मूत्रातून ते द्रव्य, इंडोल ॲसिटिक आम्ल, शुद्ध रूपात मिळाले. वेंट अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियात त्याने तापमान हवे तसे राखता येईल असे वनस्पतिगृह उभारले. रात्रीच्या तापमानाने टोमॅटोच्या फळधारणेत किती फरक पडतो, हे त्याने मोजून दाखवले.

मुळाच्या टोकाबाबतही डार्विनच बरोबर होता. गुरुत्व जाणणाऱ्या पेशी टोकावरच्या मूलटोपीत असतात.

फ्रान्सिस डार्विनने वडिलांची पत्रे आणि चरित्र संपादित केले, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवले आणि तो म्हातारा झाला. सप्टेंबर १९२५ मध्ये त्याचे निधन झाले. वेंटचा अगारचा प्रयोग यशस्वी झाला तो एप्रिल १९२६ मध्ये.